‘थेट प्रक्षेपण’ छापता, पण ते टीव्हीवर दिसणार का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात रोज त्या दिवसाच्या सामन्यांचा चौकोन असतो. कोण विरुद्ध कोण, किती वाजता आणि शेवटी ‘थेट प्रक्षेपण’ म्हणून एका ॲपचं नाव. चौकोन मी आवडीने वाचतो, तक्रार आहे ती शेवटच्या ओळीबद्दल, कारण ती वाचून लोक फोनमध्ये ॲप टाकतात, पैसे भरतात आणि मग सामना टीव्हीवर लावायला गेले की अडकतात, आणि अडकले की मला फोन करतात. नात्यात ‘टीव्हीचं कळणारा’ असा माझा उगाच लौकिक झालाय. मी काही इंजिनियर नाही, चुका करून करून शिकलोय इतकंच.

मध्यंतरी एका सेमीफायनलला टॉसच्या आधीच तीन फोन आले. पहिला भाचीचा. ‘मामा, आवाज येतोय पण चित्रच नाही, टीव्ही गेला वाटतं.’ टीव्ही ठणठणीत होता. तिने फोनची अख्खी स्क्रीन टीव्हीवर मिरर केली होती, आणि खेळाच्या बऱ्याच ॲपना ते चालत नाही. कोणी सामना रेकॉर्ड करून फुकट वाटू नये म्हणून ॲप स्क्रीनची नक्कलच अडवतं, मग स्क्रीनशॉट काढा नाहीतर मिरर करा, चित्राच्या जागी काळा चौकोन. आवाज मात्र जातो, म्हणून माणसाला वाटतं की अर्धं चाललंय म्हणजे काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बिचारीने तोवर दोन केबल बदलल्या होत्या आणि टीव्ही तीनदा बंद-चालू केला होता.

सगळा घोळ इथेच आहे. मिररिंग आणि कास्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना आपण दोन्हीला ‘फोन टीव्हीला जोडला’ असंच म्हणतो. मिररिंगमध्ये चित्र फोन वाहून नेतो, म्हणजे इंटरनेटवरून घेतो, पुन्हा गुंडाळतो आणि टीव्हीकडे फेकतो. कास्टमध्ये फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, तिथे जा आणि सामना तूच आण, आणि मग फोन नुसता रिमोट उरतो. आपलं नक्की काय चाललंय ते बघायची सोपी खूण सांगतो. सामना लागल्यावर फोनमध्ये दुसरं काहीही उघडा, तेही टीव्हीवर दिसलं तर मिररिंग, सामना तसाच चालू राहिला तर कास्ट. कास्टचं चिन्ह ॲपच्या आत, चालू व्हिडिओच्या कोपऱ्यात असतं. वरून ओढायच्या मेनूत ‘स्मार्ट व्ह्यू’, ‘स्क्रीन कास्ट’, ‘स्क्रीन मिररिंग’ असं काय काय असतं ते सगळं मिररिंगच, नावात कास्ट असलं तरी (हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला). आयफोनवाल्यांचंही तेच, व्हिडिओच्या आतलं एअरप्लेचं (ॲपलचं कास्टच म्हणा) चिन्ह वेगळं आणि कंट्रोल सेंटरमधलं स्क्रीन मिररिंग वेगळं.

भाचीला म्हटलं मिररिंग बंद कर, ॲपच्या आतलं चिन्ह दाब. दहा सेकंदात चित्र आलं.

दुसरा फोन काकांचा. त्यांना चिन्हच दिसेना. हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार, कारण कारणं दहा आणि लक्षण एकच. आधी विचारलं, फोन वायफायवर आहे की मोबाईल डेटावर? वायफायवर. टीव्ही? वायफायवर. एकाच वायफायवर? इथे काका गप्प. मागे कोणी पाहुणे आले तेव्हा केलेलं गेस्ट नेटवर्क फोनने धरून ठेवलं होतं. गेस्ट नेटवर्कवर राउटर साधारणपणे एका उपकरणाला दुसरं दिसूच देत नाही, पाहुण्याने घरातल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावू नये म्हणून, आणि फोनला टीव्ही दिसल्याशिवाय चिन्ह येत नाही. घरच्या वायफायची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ (एकाच राउटरचे दोन पट्टे) अशी दोन नावं असली तर सहसा बिघडत नाही, राउटर एकच असतो, तरी दोघांना एकाच नावावर आणलं की डोक्याला ताप कमी. काकांचा आयफोन, त्यामुळे आणखी एक भानगड निघाली. २०२० च्या आयओएस १४ पासून घरातल्या नेटवर्कवरची इतर उपकरणं शोधायची असली की ॲपला आधी परवानगी मागावी लागते, आणि काका असल्या प्रत्येक प्रश्नाला बाणेदारपणे ‘नको’ म्हणतात. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली ‘लोकल नेटवर्क’ असतं तिथे जाऊन ॲपपुढचं बटण चालू करायला लागलं. याशिवाय फोनमध्ये व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू असेल तरीही टीव्ही गायब होतो, ते बंद करून बघायचं.

केबलचं जरा थोडक्यात सांगतो, कारण तिथे मीच फसलोय. फोनला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून टीव्हीला चित्र जाईल असं नसतं. पोर्टमागे व्हिडिओ बाहेर काढायची सोय असावी लागते, कितीतरी फोनमध्ये ती नसते, आणि नसेल तर कितीही चांगला ॲडॉप्टर आणा, उपयोग शून्य. माझा तसाच ड्रॉवरमध्ये पडलाय. आयफोनला २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आला आणि त्यातून चित्र जातं, आधीच्यांना लायटनिंगचा ॲडॉप्टर लागतो. आणि केबल जोडली म्हणून कॉपीचा पहारा सुटत नाही, एचडीसीपी नावाचा प्रकार आहे, त्यात फोन, ॲडॉप्टर, टीव्ही सगळ्यांनी एकमेकांना ओळख पटवायची असते, मधला एखादा स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलचं चित्र दोन टीव्हींना वाटणारा डबा) ओळख देऊ शकला नाही की पुन्हा काळा पडदा. माझं मत विचाराल तर टीव्हीतच ॲप असेल तर तेच वापरा, ते नसेल तर कास्ट, कास्ट नसेल तर लॅपटॉपला साधी एचडीएमआय केबल, मिररिंग अगदीच नाइलाज झाला तर. लॅपटॉप जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर घाबरू नका, साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही निवडावा लागतो. आणि चेंडू सरळ न जाता हलके झटके खात जातोय असं वाटलं तर बरंच प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं असतं आणि लॅपटॉप ६० वर चालत असतो, डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळाला तर करून बघा, फरक जाणवतो.

आता ते फिरणारं चक्र. लोक म्हणतात सिनेमा याच टीव्हीवर, याच वायफायवर मस्त चालतो, मॅचलाच काय होतं? सिनेमा आधीच बनलेला असतो, टीव्ही पुढचा बराचसा भाग आणून साठवून ठेवतो, मध्ये नेट अडखळलं तरी तुम्हाला कळत नाही. सामन्यात पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, साठवणार काय? हातात फक्त काही सेकंदांचा साठा, तेवढा संपला की चक्र. त्यामुळे लाइव्ह बघताना नेट किती वेगवान यापेक्षा ते किती एकसारखं येतं हे महत्त्वाचं. जमलं तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाका, कितीतरी टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं पण सामन्याला ते भरपूर झालं. केबल नको असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, तो भिंतींपलीकडे लवकर मरतो पण त्यात गर्दी कमी, २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन आणि सगळे शेजारी त्याच तिघांत. मिररिंगला तर वायफायवर दुप्पट ओझं, तोच सामना आधी राउटरकडून फोनकडे येतो आणि मग फोनकडून टीव्हीकडे जातो. क्वालिटी ‘ऑटो’वर सारखी वरखाली होत असेल तर एक पायरी खाली आणून तिथेच ठेवा, थोडं धूसर पण सलग चित्र मला तरी बरं वाटतं.

आणि कधीकधी दोष तुमच्या घरात नसतोच. १५ नोव्हेंबर २०२४ ला माइक टायसन आणि जेक पॉलची बॉक्सिंग नेटफ्लिक्सने लाइव्ह दाखवली, कंपनीने एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम चालल्याचं सांगितलं, आणि जगभरातून चित्र अडकल्याच्या तक्रारी आल्या. अशा वेळी राउटरशी भांडून काय उपयोग? त्याच टीव्हीवर दुसऱ्या ॲपमधला एखादा व्हिडिओ लावून बघा, तो नीट चालला तर गप बसून वाट बघा.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखं करणं, तर अजिबात पहिल्या झटक्यात नको. २०२५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट (टीव्हीला लावून कास्ट घेणारं गूगलचं छोटं उपकरण) जगभर एकदम चालेनाशी झाली, आतल्या सर्टिफिकेटची, म्हणजे उपकरणाच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली होती, आणि गूगलला लोकांना सांगावं लागलं की रीसेट करू नका. ज्यांनी घाईने केलं होतं ते सेटअपमध्येच अडकून बसले. टीव्हीची तारीख-वेळ चुकलेली असली तरी असाच प्रकार होतो, सर्टिफिकेट खोटं वाटून ॲप उघडत नाही, हे कोणी सहसा बघत नाही. रीस्टार्ट मात्र खरा करा, रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, प्लग काढून अर्धा मिनिट थांबायचं.

तिसरा फोन सासऱ्यांचा होता आणि त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहितोय. त्यांचं सगळं बरोबर होतं. वायफाय एकच, चिन्ह दिसतंय, दाबल्यावर टीव्हीवर ॲपचं नाव येतंय आणि मग सूचना, तुमच्या प्लॅनमध्ये टीव्ही नाही. त्यांनी घेतलेला प्लॅन फक्त मोबाईलचा. ‘अहो, पेपरात तर लिहिलं होतं या ॲपवर दिसेल म्हणून,’ ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. अख्खा सामना त्यांनी तळहाताएवढ्या स्क्रीनवर चष्मा पुढेमागे करत बघितला. मी पाऊण तास फोनवर खर्च करून शेवटी हे कळलं याचा मला जास्त राग आला, आधीच प्लॅन विचारायला हवा होता.

तर साहेब, त्या चौकोनात ॲपच्या नावापुढे चारच शब्द वाढवा. टीव्हीवर ॲप आहे का, कास्ट चालतं का आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये टीव्ही येतो का. मोठ्या स्पर्धेआधी एकदा विचारून घेतलंत की महिनाभर तेच छापता येईल. जागा नाही म्हणाल तर खेळपट्टीच्या अंदाजातली एक ओळ कमी करा, तसाही तो किती वेळा खरा ठरतो!

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. कास्टवरचा सामना प्रत्यक्षापेक्षा मागे असतो तो कोणाच्या चुकीने नाही. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, ॲपलच्या एचएलएस या व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीत शिफारस ६ सेकंदांची आहे, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हातात आल्याशिवाय सुरू होत नाही, बाकीचा प्रवास धरला की सहज अर्धा मिनिट जातो. मध्ये पॉज केलंत तर आणखी मागे पडाल, ‘लाइव्ह’ लिहिलेलं बटण दाबायचं. पण तुमच्या वृत्तपत्राच्या ॲपवरून विकेट पडल्याचं नोटिफिकेशन माझ्या टीव्हीवर बोलर धावायला लागायच्या आधी येतं. ते मी बंद केलंय, राग मानू नका.