तबल्याच्या पुडीचे पैसे देणाऱ्या भाईंना

आदरणीय भाई,

नाव कुठे छापायचं नाही ही तुमची अट पाळतो आहोत. आभारसुद्धा मानायचे नाहीत, हे मात्र ऐकणार नाही.

गोव्यात मुलांच्या संगीतवर्गांना कोणी काही देत नाही असं नाही. देतात, पण वस्तू देतात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि त्या यादीत कला-संस्कृती आहे. त्यामुळे चवथीच्या तोंडावर पेट्या येतात, तबले येतात, त्यांच्याहून मोठा बॅनर येतो. फोटो निघतो. पुढच्या पावसात त्या वाद्यांचं काय झालं हे विचारायला एकही जण फिरकलेला नाही.

काय होतं ते सांगतो. जूनच्या दमट हवेत तबल्याच्या तोंडावरचं कातडं, म्हणजे पुडी, ओल धरते, सैल पडते, सूर उतरतो. मुलं पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडी मारून तो चढवतात. चार दिवसांनी कडक ऊन पडलं की तीच ताणलेली पुडी आणखी आवळते आणि फाटते. पेटीच्या पट्ट्या फुगून रुततात, पितळी रीडांवर हिरवट थर बसतो, भात्याच्या घड्यांत बुरशी धरते. वर्षभरात नवी कोरी देणगी कोपऱ्यात जाते आणि दहा मुलं एका जोडीवर आळीपाळीने हात बसवतात.

त्यात तबले आणताना कोण गाणार हे विचारलेलंच नसतं. सगळे काळी एकचे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचे. मुली त्याहून बऱ्याच वरच्या काळी चारमध्ये गातात. जाणकार म्हणतील, तबला मुलींच्या 'सा'ऐवजी मध्यमात, म्हणजे 'म'मध्ये लावा की, काळी एकच येतो. येतो, पण नवशिक्या कानाला षड्जाचा, म्हणजे 'सा'चा, आधार लागतो, आणि काळी एकचा तबला काळी चारपर्यंत खेचला की पुडी गेलीच.

तुम्ही मिरवण्यासारखं नवीन काहीच दिलं नाहीत, म्हणूनच हे पत्र. तुमच्या पैशातून पावसाआधी कारागीर येतो, तबल्याच्या वाद्या, म्हणजे पुडी ताणणारे चामडी पट्टे, बदलतो, पेट्या उघडून रीड साफ करतो. जादा पुड्या आणून ठेवल्या आहेत, लहान तोंडाचे उंच सुराचे दोन तबले मुलींसाठी वेगळे आहेत. वाद्यांच्या कपाटात १५ वॅटचा जुना तारेचा दिवा जळतो, वाद्यांपासून हातभर लांब. (एलईडी लावू नये. उजेड पडतो, ऊब येत नाही.)

पण सगळ्यांत जास्त लक्षात राहिला तो तुमचा एक प्रश्न. पहिल्या भेटीत तुम्ही ना पेटी उघडून बघितलीत, ना मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेतलंत. फक्त विचारलंत, "वर्ग सुटल्यावर मुली घरी कशा जातात?"

फी माफ केली की मुलं येतील, असं बहुतेक देणाऱ्यांना वाटतं. फी नसली तरी आठवीनंतर मुली गळतात. आधी शाळा, मग शिकवणी, मग गाणं, तोवर काळोख होतो आणि वाड्यावर जाणारी शेवटची बस गेलेली असते. घरचे नको म्हणतात, त्यात त्यांची काय चूक? फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांचा सूर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. आजच्या पोरीचं गाणं वर्गापासून घरापर्यंतच्या रस्त्यात अडतं.

तुम्ही मुलींना घरी सोडणाऱ्या व्हॅनचं भाडं लावून दिलंत. कुठल्याही अहवालात त्याचा फोटो बरा येणार नाही. मे महिन्यात वर्ग बंद असतानाही चालकाचे पैसे थांबवू नका, नाहीतर तो जूनमध्ये दुसरं काम धरेल, हेही तुम्हीच सुचवलंत. सप्ताहात नावाची पावती न फाडता रात्रभर भजनकऱ्यांना चहा पाजणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. तुम्ही त्यांतले.

बाकी हिशेबाची वही कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. न सांगता या, चाळा, चुकलं असेल तिथे खूण करा. शाल-श्रीफळ होणार नाही, भाषण तर नाहीच. आणि आलात तर व्हॅनवाल्याशी टायरांचं तेवढं बोला, आमचं तो ऐकत नाही.

आपले,
वर्गाचे शिक्षक आणि पालक