तो आवाज जपायला हवा

महोदय,

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आमच्या वाड्यात घरोघरी एकच आवाज असे, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा. स्टोव्हच्या फरफरीत शब्द हरवू नये म्हणून आई तेवढ्यापुरता तो बारीक करायची. आटपाडी असो वा अक्कलकुवा, गावाचं नाव त्या अशा घेत की तिथल्या माणसालाही आपलं वाटावं. त्या कथाही लिहीत. भाषेवरचं ते प्रेम बातमीतही जाणवे.

हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. २०२३ मध्ये त्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुणेकरांनी विरोध केला आणि त्याला स्थगिती मिळाली. पण जुन्या निवेदकांच्या आवाजांचं काय? जी ध्वनिमुद्रणं शिल्लक असतील ती सर्वांना ऐकायला मिळावीत, श्रोत्यांकडच्या कॅसेटही मागवाव्यात.

माझ्याकडे एक आहे. वडिलांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. मध्येच कुकरची शिट्टी येते, पण बाईंचा एकही शब्द पुसट नाही. ती मी आनंदाने देईन.

– एक जुना श्रोता, सदाशिव पेठ, पुणे