पुण्याच्या टेकड्यांचा हिशेब दर पंधरवड्याला गटवार जाहीर करा : जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

महोदय,
स. न. वि. वि.

मागणी आधी सांगतो, कारणं मागून. जिल्ह्यातल्या टेकड्या, ओढ्या-नद्यांचे काठ आणि दगड-मुरमाच्या खाणी इथे गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं, याची उपग्रहचित्रांवरून केलेली गटवार यादी आपल्या कार्यालयाने दर पंधरवड्याला संकेतस्थळावर टाकावी. प्रत्येक नोंदीपुढे गावच्या महसूल अधिकाऱ्याने जागेवर जाऊन काय पाहिलं, तो शेरा तारखेनिशी असावा. नवं ॲप नको, नवा डॅशबोर्ड नको, कंट्रोल रूमचं उद्घाटन तर नकोच.

मी नकाशे करून पोट भरतो. उपग्रहचित्रं वाचायची, त्यातून पीक, पाणी, पडीक, बांधकाम वेगळं काढायचं आणि गिऱ्हाइकाला नकाशा द्यायचा, हे रोजचं काम. गिऱ्हाइकं बहुतेक परदेशातली. पुण्यात बसून मी लांबच्या जंगलांचा हिशेब ठेवतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. म्हणून न मागता हे पत्र.

जमिनीवरचे बदल आकाशातून टिपत राहण्याचं काम अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतल्या पहिल्या उपग्रहाने जुलै 1972 मध्ये सुरू केलं. आपला आयआरएस-1ए उपग्रह मार्च 1988 मध्ये अवकाशात गेला. 2008 मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा साठा सगळ्यांना फुकट खुला केला, तेव्हा हा विषय सरकारी प्रयोगशाळांच्या बाहेर पडला. 2015 मध्ये युरोपचा सेंटिनेल-2 आला, 2017 मध्ये त्याला जोडीदार मिळाला, आणि तेव्हापासून सकाळी अकराच्या सुमाराला दर पाच दिवसांनी पुण्याचं चित्र निघतं. बहुधा दुसऱ्या दिवशी ते कुणालाही उतरवून घेता येतं. पैसे पडत नाहीत.

त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. लँडसॅटच्या एका ठिपक्यात नऊ गुंठे मावतात, सेंटिनेलच्या ठिपक्यात जवळजवळ बरोबर एक. पुण्याच्या आसपास जमिनीचे बेकायदा तुकडे ज्या मापाने पडतात त्याच मापाचं चित्र फुकट मिळतं, ही सोय कुणी हवेली तालुका डोळ्यासमोर ठेवून केली असती तरी इतकी चपखल बसली नसती.

शहराच्या दक्षिणेकडच्या एका टेकडीची चित्रं मी ओळीने लावून पाहिली. टेकडीचं नाव आणि गट नंबर लिहीत नाही, कारण हा तक्रारअर्ज नाही. पावसाळा संपताना उतार एकसारखा हिरवा असतो. (आमच्या चित्रांत हिरवळ बहुतेक वेळा लाल दाखवतात. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जिवंत पानावरून भरपूर परततो, तो दाखवायला लाल रंग वापरायची पद्धत आहे.) नोव्हेंबरात गवत पिवळं पडतं. मग एका चित्रात पायथ्याच्या रस्त्यापासून वर जाणारी फिकट रेघ दिसते. फक्त रेघ. पोकलेन वर चढवायला केलेली ती वाट. पुढच्या एक-दोन चित्रांत रेघेच्या टोकाला पांढुरका डाग येतो, कारण नुकताच उघडा पडलेला मुरूम वाळक्या गवतापेक्षा जास्त चमकतो. डाग लांबट होत जातो आणि वरच्या अंगाला सावलीची काळी कड धरतो, म्हणजे उतार उभा कापलाय. मग डागाचे चौकोन पडतात. मग त्या चौकोनांवर निळे पत्रे.

रेघेपासून पत्र्यापर्यंत एक उन्हाळा पुरतो. पंचनामा झालाच तर तो पत्र्याच्या वेळी होतो. तोवर माणसं राहायला आलेली असतात, त्यांनी कर्ज काढून गुंठा घेतलेला असतो, आणि वाद टेकडीचा न राहता त्यांच्या छपराचा होऊन बसतो. टेकडी फोडणारा केव्हाच पुढच्या टेकडीवर गेलेला असतो. माझं म्हणणं एवढंच की, सरकारी माणूस रेघेच्या वेळी तिथे पोचला पाहिजे.

पैशांचंही बघू. एक गुंठा जागा दहा फूट खोल खणली तर 10,890 घनफूट, म्हणजे सुमारे 109 ब्रास मुरूम निघतो. विनापरवाना गौण खनिज (मुरूम, खडी वगैरे) काढल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आहे. कायदा कमी पडत नाही. सुनावणीत एक ठरलेलं उत्तर येतं : “साहेब, खोदाई जुनी आहे, आम्ही जमीन घेतली तेव्हाच होती.” ईटीएस मशिन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून खड्डा केवढा ते मोजता येतं, कधीचा ते नाही. चित्रांच्या साठ्यात मात्र त्याची तारीख असते : पाच तारखेला खड्डा नव्हता, वीस तारखेला आहे. एवढ्यावर खटला उभा राहणार नाही हे मला कळतं. पण निदान ‘जुनी आहे’ हे उत्तर देणाऱ्याला दुसरं उत्तर शोधावं लागेल.

टेकडी कापल्याने काय होतं हे पुणेकराला नव्याने सांगायला नको. जून 2013 मध्ये सातारा रस्त्यावर शिंदेवाडीजवळ कापलेल्या टेकडीवरून पाण्याचा लोंढा आला आणि एक आई लहान मुलीसह वाहून गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने टांगेवाले कॉलनीपर्यंत काय केलं ते अजून तिथल्या भिंतींना ठाऊक आहे. शहरात सामील झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर साडेनऊशेहून जास्त हेक्टरांचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. त्यातल्या किती गुंठ्यांवर आज गवत आहे आणि किती गुंठ्यांवर पत्रा, हे दर महिन्याला मोजता येत असताना दर निवडणुकीला त्यावर वाद घालायची काय गरज?

आता या चित्रांना काय जमत नाही ते सांगतो. आमच्या धंद्यातले लोक सरकारी बैठकीत हा भाग बहुधा गाळतात.

पाच-सहा मीटरचा ओढा दहा मीटरच्या ठिपक्यात हरवतो. काठावर रात्रीतून ओतलेला राडारोडा ढीग मोठा झाल्याशिवाय दिसत नाही; तिथे इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहांची बारीक चित्रं किंवा ड्रोनच हवा. दुसरं, ऋतू. ऑक्टोबरचं चित्र मार्चच्या चित्राशी ताडून पाहिलं तर अख्खी तळजाई टेकडी नष्ट झाल्यासारखी दिसेल, कारण गवत वाळलेलं असतं आणि टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पाने पानं टाकलेली असतात. मार्चची तुलना गेल्या वर्षीच्या मार्चशीच करावी लागते. वणवा लागून गेलेला उतार काळा दिसतो आणि यंत्राला तो ‘बदल’ वाटतो. मुळशीतलं भातखाचर, पुरंदरमधलं नवं शेततळं, नुकतीच नांगरलेली जमीन, सगळे बदलच. म्हणून यंत्राने काढलेल्या यादीवर थेट नोटिसा काढायची घोडचूक कृपा करून करू नये. तसं झालं तर पहिली नोटीस शेततळंवाल्या शेतकऱ्याला जाईल, आणि दुसऱ्याच दिवशी ही सगळी योजना बदनाम होईल, आणि ती बदनामी कुणाला हवीच असेल.

तिसरी अडचण खास आपली. गावनकाशे साखळीने मोजून काढलेले आहेत. ते उपग्रहचित्रावर बसवले की कुठे दहा, कुठे वीस मीटर सरकतात, म्हणजे एका गटातला खड्डा शेजारच्याच्या नावावर पडू शकतो. यादीत जागा असावी, मालकाचं नाव नसावं. नाव लिहायचं ते प्रत्यक्ष जाऊन आलेल्याने.

आणि ढग. जून ते सप्टेंबर साध्या चित्रांत पुण्याच्या पश्चिमेला कापूस पिंजून ठेवलेला असतो. नेमकी दरडींची वेळ. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला कळलं ते रोजची फेरी घेऊन गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. बरोबर 11 वर्षांनी, 30 जुलै 2025 ला, इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्याचं रडार रात्री आणि ढगांतूनही जमीन पाहतं, दर 12 दिवसांनी त्याच मार्गावर परत येतं, आणि दोन फेऱ्यांतल्या लहरींचा फरक काढला की सेंटिमीटरभर सरकलेली जमीनही ओळखता येते. माळीणसारखी दरड मुसळधार पावसात एकदम सुटते. ती आम्ही आदल्या दिवशी सांगू, असं म्हणत कुणी सादरीकरण घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. पण हळूहळू खचत असलेले उतार, रस्त्यासाठी पायथा कापल्यावर वरून भेगाळलेल्या जागा, यांची आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी, भोर आणि राजगड तालुक्यांपुरती यादी पावसाळ्याआधी करणं आता आवाक्यात आलं आहे. उपग्रहात आपलाही वाटा आहे.

मग अडलंय कुठे? माझ्या मते चित्रांपाशी अडलेलं नाही. टेकडी महापालिकेची किंवा पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), मुरूम महसूलचा, झाड वनखात्याचं, ओढा कधी पालिकेचा तर कधी जलसंपदाचा. प्रत्येकाकडे थोडं दिसतं आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याकडे पाठवता येतं. आपल्यालाच पत्र लिहायचं कारण हे, की गौण खनिज आपल्याकडे आहे, तलाठ्यापासूनची साखळी आपल्याकडे आहे आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही आपणच. हे सगळे धागे दुसऱ्या कुठल्याही टेबलावर एकत्र येत नाहीत.

केंद्राच्या खाण खात्याने 2016 मध्ये प्रमुख खनिजांसाठी अशीच यंत्रणा सुरू केली. परवान्याच्या हद्दीभोवती 500 मीटरपर्यंत काही हालचाल दिसली की तपासणी. आपल्या वाघोली-मोशीकडची खडी गौण खनिजात मोडते, म्हणून ती मूळ योजनेच्या बाहेर. पण खरा धडा ब्राझीलकडून घ्यावा. त्यांची अवकाश संस्था 1988 पासून ॲमेझॉनमधल्या जंगलतोडीचा वार्षिक आकडा काढते. 2004 मध्ये त्यांनी ताज्या तोडीचे इशारे थेट तपासणी पथकांकडे पाठवायला सुरुवात केली. त्या वर्षी तोड सुमारे 27,800 चौरस किलोमीटर होती, 2012 मध्ये ती 4,600 च्या आत आली. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही. राखीव क्षेत्रं वाढली, तोड करणाऱ्यांची कर्जं अडवली गेली, पथकं खरोखर जागेवर गेली. पण आकडे सगळ्यांसमोर होते हे महत्त्वाचं. 2019 मध्ये सत्ताधाऱ्यांना ते बोचले आणि संस्थेच्या प्रमुखांना हटवण्यात आलं, तरी आकडे जगाने वाचले होते. आपल्याकडे अहवाल ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ असतो, त्यामुळे कुणाला हटवायची वेळच येत नाही.

सुरक्षेचं कारण कुणी पुढे करेल म्हणून तेही सांगतो. नकाशे आणि भू-माहितीवरचे बहुतेक निर्बंध केंद्रानेच फेब्रुवारी 2021 मध्ये उठवले. एनडीए, लोहगाव, दिघी, देहूरोड ही संरक्षण खात्याची क्षेत्रं यादीतून सरळ वगळा. टेकडी फोडणारे तिथे तसेही जात नाहीत. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर म्हणतं की अशी माहिती कुणी मागायची वाट न बघता द्यावी.

सुरुवात हवेली आणि मुळशी या दोनच तालुक्यांपासून करा. दिवाळीनंतर जमीन वाळते आणि पोकलेन बाहेर पडतात, म्हणून पहिली यादी नोव्हेंबरात यावी. रकाने पाच पुरेत : गाव, गट, बदल दिसला ती तारीख, प्रत्यक्ष पाहणीची तारीख, शेरा. शेरा ‘शेततळे, परवानगी आहे’ असा असला तरी चालेल. त्याने यंत्रही सुधारतं. चौथा रकाना पंधरा दिवस रिकामा राहिला तर तोही लोकांना दिसू द्या. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे हे करणारी माणसं आहेत, विद्यापीठाच्या भूगोल आणि भूशास्त्र विभागांतही आहेत. निविदा काढावी लागेल इतकं हे मोठं काम नाही.

नमुना म्हणून या दोन तालुक्यांची जानेवारी ते मे अशी यादी मी स्वतः करून द्यायला तयार आहे. मोबदला नको. फक्त गटांच्या हद्दींची संगणकीय फाइल हवी, पीडीएफ नव्हे, कारण पीडीएफवर चित्र बसत नाही. ती मिळण्यासाठी अर्ज भूमी अभिलेखकडे करायचा, तहसीलला की आपल्याकडे, एवढं कळवावं.

आपला,
नकाशे करणारा एक पुणेकर