खुले पत्र : साहेब, मी त्या दिवशी हजर होते

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

खात्याचं नाव वर मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलेल्या पेपराला मला गैरहजर दाखवलंय, त्या तक्रारीचा माझा कागद आजवर तीन खात्यांची टेबलं फिरून आलाय. शिक्षणवाले म्हणतात हे आरोग्याचं, आरोग्यवाले म्हणतात परीक्षेचं, आणि तिसऱ्या ठिकाणी तर तो मी दिला तसाच घडी न मोडता परत आला. गेल्या हिवाळ्यात जनता दरबारात माझ्या अर्जावर ज्यांनी "तातडीने कार्यवाही करावी" असा शेरा मारला आणि "ताई, पंधरा दिवसांत काम होईल" असं सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते कळेल. आपल्यामागे लाख कामं, हे मला कळतं. म्हणून मी आठ महिने गप्प होते.

काल टपालानं उत्तर आलं. चार ओळींचं. त्यातली तिसरी ओळ अशी : "सदर विद्यार्थिनी परीक्षेस गैरहजर असल्याने तिची उत्तरपत्रिका अस्तित्वात नाही, सबब ती उपलब्ध करून देता येत नाही."

मी ती ओळ तीनदा वाचली. मी गैरहजर का? उत्तरपत्रिका नाही म्हणून. उत्तरपत्रिका का नाही? मी गैरहजर म्हणून. सही त्याच बाबूंची, ज्यांच्याविरुद्ध माझी तक्रार होती. आपला शेरा फिरत फिरत त्यांच्याकडेच गेला, साहेब. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

आता माझी ओळख. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात. चाळिशी उलटल्यावर मी रुग्णालय व्यवस्थापन आणि सार्वजनिक प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, नोकरी सांभाळून. फी, पुस्तकं, प्रोजेक्टचं बाइंडिंग धरून पतपेढीतून पन्नास हजारांचं कर्ज काढलं, ते अजून पगारातून कापलं जातंय. सासूबाई म्हणाल्या, "आता शिकून काय करणारेस?" मी म्हटलं, इनचार्ज होईन, क्वालिटी सेलमध्ये, म्हणजे कामाचा दर्जा बघणाऱ्या विभागात जाईन, रात्रपाळी सुटेल. पायांच्या शिरा फुगल्यात माझ्या. एवढंच हवं होतं.

पेपर होता रविवारी, साडेदहाला. आदली रात्र ड्युटीवर काढली. पहाटे एक पेशंट गेला, त्याचं सगळं आवरून, चार्ज देऊन निघायला आठ वाजले. भांडुपला घरी जाऊन आंघोळ केली, परत लोकल धरली, दादरला उतरून धावतच सेंटर गाठलं. तीन तास लिहिलं, दोन पुरवण्या लावल्या. सुपरवायझर बाईंनी हॉल तिकिटावर सही केली, मी हजेरीपटावर केली. परतीला मेगाब्लॉक, माटुंग्यापुढे गाडी अर्धा तास उभी. ही सगळी मजा गैरहजर बाईनं केली बरं का.

आणि पेपर कुठला, ते ऐका. प्रशासकीय उत्तरदायित्व! तिसरा प्रश्न होता तक्रार निवारणाच्या यंत्रणांवर. मी मनापासून लिहिलं. महाराष्ट्राचा लोकायुक्तांचा कायदा 1971 चा, ही संस्था प्रत्यक्ष उभी करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. माहितीचा अधिकार 2005 चा, तीस दिवसांत उत्तर. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 चा, ब्रीद "आपली सेवा आमचे कर्तव्य", सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. पंधरा मार्कांचा प्रश्न होता, बारा तरी पडले असते. आता त्याच उत्तराचं प्रात्यक्षिक चाललंय, मार्क कुणी देत नाही.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचं कलम 89 सांगतं, परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावा, फार तर 45. आमचा लागला पंचाण्णवाव्या दिवशी. 2017 साली मुंबई विद्यापीठात ऑनलाइन तपासणीपायी निकाल लटकले, तेव्हा कुलगुरूंची खुर्ची गेली. तेव्हा वाटलं होतं, आता धडा मिळाला. धडा आम्हाला मिळाला. निकालाच्या पानावर माझ्या नावापुढे तीन पेपरांचे मार्क आणि चौथ्यापुढे 'एबी', म्हणजे ॲबसेंट, गैरहजर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साठेक जण आहेत, त्यातल्या एकोणीस जणांना तसलंच काहीतरी लागलंय. कुणाला 'एबी', कुणाचा निकाल राखीव, एकाला तर त्यानं न घेतलेल्या विषयात मार्क. एकोणीस म्हणजे बोंब मारणारे. गप्प बसलेले मोजले तर निम्मा वर्ग भरेल, असं माझं आपलं गणित. चुकत असेल, तर खरा आकडा तुम्ही द्या.

मग सुरू झाल्या फेऱ्या. पहिल्या खिडकीनं सांगितलं, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजनं सांगितलं, हजेरीपट वर गेला. वर म्हणाले, साहेब ट्रेनिंगला आहेत. (कसलं ट्रेनिंग, विचारलं. "सुशासन.") माझ्या सतरा फेऱ्या झाल्या, सुट्ट्या संपल्या, मग बिनपगारी रजा. एकदा तर रात्रपाळी करून थेट तिथं जाऊन बसले आणि बाकावर झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकी बंद, आणि शिपाई म्हणतोय, "मावशी, नंबर येऊन गेला तुमचा." तिथंही गैरहजर लागली असणार माझी.

उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय. हे मी त्या बाबूंना म्हटलं. ते म्हणाले, "हो ना मॅडम, पण ती असायला पाहिजे." काय बोलणार?

इकडे रुग्णालयात क्वालिटी सेलची जागा निघाली. मार्कशीट जोडायची तारीख होती. माझ्याकडे होता आपला शेरा. तो जोडून कुणी घेत नाही, हे मला आस्थापनेच्या खिडकीवर कळलं. जागा भरली गेली. माझ्याहून नऊ वर्षांनी ज्युनियर मुलगी आहे, चांगली आहे, तिच्यावर राग नाही. पण वॉर्डबॉयसुद्धा विचारतो, "सिस्टर, तुम्हाला केटी लागली म्हणे?" गावाकडे दिरांना वाटतं, मी नापास झाले आणि झाकतेय. मुलगा बारावीला. तो म्हणतो, "आई, तू तर मला सांगतेस, पेपर नीट लिहिला की मार्क मिळतातच."

साहेब, अभ्यासात आम्हाला मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ होता. तो म्हणतो, नोकरशाहीत सगळं लेखी असतं, नियमानं चालतं, माणूस बघून चालत नाही. शेवटचं मात्र शंभर टक्के पाळलं जातं आपल्याकडे. माणूस कुणी बघतच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. ती तर आमच्याच जातकुळीची, दिवा घेऊन फिरणारी म्हणून शाळेत शिकवतात. पण 1858 मध्ये तिनं आकृत्या काढून सरकारला दाखवलं, की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले. तिचे कागद निदान वाचले तरी गेले.

मी प्रोजेक्ट केला तो आमच्या औषधभांडारावर. कुठलं औषध महागाचं आणि कुठलं प्राणावर बेतणारं, अशी दुहेरी प्रतवारी लावायची, म्हणजे स्वस्त पण जीवनावश्यक इंजेक्शन ऐन रात्री संपत नाही. साधी गोष्ट आहे, वाणीसुद्धा दुकानात हेच करतो. पण आमच्याकडे रात्री दोनला नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देऊन "बाहेरून आणा" म्हणायचं कुणी? सिस्टरनं. शिव्या कुणी खायच्या? सिस्टरनं. भांडाराचा कारभार ज्या सर्जनसाहेबांच्या गळ्यात, त्यांना ऑपरेशनं सोडून टेंडरच्या फायली बघाव्या लागतात. सोन्यासारखे हात आहेत त्यांचे, ते सह्या करण्यात झिजतायत.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे त्याच कामाचा अधिकारीवर्ग, करा. 2022 मध्ये केंद्रानं त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच धोरणात होतं, 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करू. 2025 उलटलं. हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट 74 हजार कोटींच्या वर, त्यात आरोग्याला दहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्या पैशांत रात्री दोनला एक इंजेक्शन सापडू नये?

आणि गैरहजेरीचंच बोलायचं, तर घटनेचं कलम 243-यू म्हणतं, पालिकेची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. मुंबईत मार्च 2022 मध्ये मुदत संपली, पुढे तीन वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता. अख्खं सभागृह रिकामं! त्यांच्यापुढे कुणी 'एबी' लिहिलं नाही. माझ्या एका पेपरपुढे लगेच लिहिलं.

विषय भरकटला. मागणं इतकंच आहे : त्या दिवशीचा हजेरीपट काढून बघा. एक कागद. तुमच्या शेऱ्यानं होत नसेल, तर कुणाच्या शेऱ्यानं होतं तेवढं कळवा, म्हणजे मी त्यांच्या दरबाराला जाईन.

फेरपरीक्षेचे फॉर्म सोमवारपासून सुटतायत. फी भरून मी तो पेपर पुन्हा लिहावा, असा सल्ला मला पत्राच्या चौथ्या ओळीत दिलाय. तारीख रविवारची आहे, आदल्या रात्री माझी ड्युटी आहे.

सोबत हॉल तिकिटाची झेरॉक्स जोडली आहे, सुपरवायझर बाईंच्या सहीसकट. मूळ माझ्याकडेच राहील.

आपली,
एक परिचारिका, भांडुप