लॅटिनो बाजारात मुलांना न्यायचं तर मका दाखवा

संपादक महोदय,

अमेरिकेत शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना जवळच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या, बाजारात सहलीला नेतात. त्यांत मराठी घरांतली मुलंही असतात. चाळीस मुलं एकदम आत शिरतात, प्रत्येकाच्या हाती वीस प्रश्नांचा कागद, आणि तासाभरात टॅको खाऊन बस परत. दुकानदाराचं गिऱ्हाईक खोळंबतं, मुलांच्या पदरी फक्त शब्दांची यादी पडते.

मिनियापोलिसच्या लेक स्ट्रीटवरचा 'मेरकादो सेंत्राल' पाहा. लॅटिनो स्थलांतरितांचा हा सहकारी बाजार १९९९ साली सुरू झाला. या शहरात मेक्सिकोच्या मोरेलोस राज्यातली आणि इक्वादोरची पुष्कळ कुटुंबं आहेत, तेव्हा 'सगळे मेक्सिकन' ही समजूत शाळेतच दूर करावी. गाळा कसा मिळतो, निर्णय कोण घेतं, हे मुलांनी जरूर विचारावं. सहकार म्हणजे काय, हे मराठी पालकांना घरीही समजावून सांगता येईल.

एका फेरीत एकच वस्तू धरावी, आणि आमच्या मते ती मका असावी. एक किलो सुक्या मक्याला तीन लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम खायचा चुना घालून अर्धा-पाऊण तास मंद शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात, धुऊन वाटतात. हे ओलं पीठ म्हणजे स्पॅनिशमधला 'मासा'. चुन्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. वर्गात साध्या मक्याच्या पिठाचा आणि या 'मासा' पिठाचा एकेक गोळा मुलांना थापायला द्या. पहिला कडेने चिरतो, दुसरा सहसा चिरत नाही. हे हाताला कळल्यावर बाजारातले प्रश्न आपोआप सुचतात.

वेळ उरलाच तर 'आलेग्रिया' दाखवा. ती राजगिऱ्याची वडीच, आणि राजगिरा मुळात मेक्सिकोकडचा. झेंडूही तिकडचाच.

मंगळवार ते गुरुवार, सकाळी १० ते ११.३० ही वेळ बरी. दुकानदारांशी दहा दिवस आधी बोलावं. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, प्रत्येकाजवळ एकेक डॉलरच्या पाच नोटा. आधी काही घ्यावं, मग विचारावं. परवानगीशिवाय फोटो अजिबात नको. अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांची चिंता असलेल्या माणसाला शाळकरी मुलाचा कॅमेराही धास्तावतो.

शाकाहारी मुलांसाठी एक वाक्य पाठ करून घ्यावं: 'येवा मांतेका?', म्हणजे यात डुकराची चरबी आहे का? तमालच्या (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात आणि घोटलेल्या बीन्समध्ये ती बहुधा असते, भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. मोले या दाट मसालेदार रश्श्यात शेंगदाणे आणि तीळ असू शकतात. ॲलर्जीची यादी सोबत हवी. मक्याच्या ताज्या तोर्तियात (पातळ भाकरीत) मात्र सहसा मका, चुना आणि पाणी एवढंच असतं.

– मराठी शाळेतील काही शिक्षक, मिनेसोटा