साडीतला गुडघा कॅमेऱ्याला दिसत नाही, हे पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत 'मोबाईलच आता तुमचा कोच' हा अर्ध्या पानाचा लेख वाचला, रात्री झोपताना पण तेच डोक्यात होतं म्हणून आज सकाळचा स्वयंपाक आवरून लगेच लिहायला बसले. लेखात खोटं काही नाही, हे आधीच सांगते. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, ॲप आपले सांधे ओळखतं, कंबर, गुडघा, घोटा या तीन बिंदूंवरून गुडघ्याचा कोन काढतं आणि कोन ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की एक मोजतं, सगळं बरोबर आहे. पण सोबत फोटो कोणाचा छापलात? टाइट पँट घातलेल्या, विशीतल्या मुलीचा, मागे पांढरी भिंत, लख्ख उजेड. आणि लेखात लिहिलंय की 'सर्व वयोगटांसाठी उपयुक्त'. त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

मी ६१ वर्षांची. ३६ वर्षं शाळेत उभं राहून शिकवलं, त्यामुळे गुडघे कुरकुरतात. होळीला भाचा आला होता, पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याने प्रेमाने माझ्या फोनवर असंच एक ॲप टाकून दिलं, म्हणे मावशी रोज १२ बैठका मार, हे मोजेल आणि चुकलं तर सांगेल. मी रोज पहाटे फोन धान्याच्या कोठीवर डब्याला टेकवून ठेवायचे आणि पाचवारी साडीतच, पदर खोचून, सुरू करायचे. मी १२ मारायचे, ते मोजायचं पाच. कधी चार. आणि मधे मधे हिंदीतून सूचना, और नीचे जाइए, और नीचे. आता मी शिक्षिका, मार्क कमी पडले की मुलाने जास्त मेहनत करावी असंच आयुष्यभर सांगत आले, तेच स्वतःला सांगितलं आणि रोज थोडी थोडी जास्त खाली जात गेले. दुखत होतं, तरी जात गेले.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी उठले तर उजवा गुडघा सुजलेला. वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळ्या भरून आलेल्या, हात लावला तर गरम. लेक माहेरी आलेली, झोका बांधलेला, अंगणात चुलीवर मांडे भाजायचं मातीचं खापर चढवलेलं आणि मला खाली बसता येईना. आमच्या घरात मांडा हातावर वाढवून खापरावर टाकायचं काम दरवर्षी माझं, सासूबाई गेल्या तेव्हापासून. यंदा शेजारच्या आक्काने मांडे केले आणि मी खुर्चीवर बसून बघत राहिले. आक्का म्हणे, हाई काय करी लिधं व माय! (हे काय करून घेतलंस गं बाई!) मला रडू आलं, खरं सांगते.

फिजिओथेरपीवाल्या ताईंकडे गेले. त्यांनी आधी हात लावून पाहिलं, जिना चढताना दुखतो की उतरताना ते विचारलं, रात्री दुखतो का विचारलं. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायला लावली आणि नंतर उठबस, ती पण उंच खुर्चीवरून. ॲपने पहिल्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही की दुखतंय का.

सूज उतरल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत भाचा परत आला, त्याला वाईट वाटलं, म्हणे थांब बघू काय झालं ते. त्याने ॲपमधे सांध्यांचे ठिपके दिसतील अशी सेटिंग लावली. खांद्याचे ठिपके बरोबर खांद्यावर. गुडघ्याचा ठिपका निऱ्यांवर कुठेतरी तरंगत होता, मी उंच खुर्चीवर टेकले तरी तो जागचा नीट हलेना. मग लेकीची ट्रॅकपँट घातली, पहिल्या दिवशी जायचे तेवढीच खाली गेले, ठिपका गुडघ्यावर चिकटून बसला आणि मारलेल्या सगळ्या मोजल्या गेल्या. म्हणजे माझी बैठक पहिल्या दिवसापासून बरोबर होती! दीड महिना मी कापडापायी गुडघा झिजवत होते.

भाच्याने समजावलं ते इथे लिहिते कारण तुमच्या लेखात हे यायला हवं होतं. गूगलने २०२० साली ब्लेझपोज नावाचं मॉडेल, म्हणजे चित्रातलं शरीर ओळखणारा प्रोग्रॅम, आणलं, ते अंगावरचे ३३ बिंदू शोधतं, दुसरी काही मॉडेलं १७ शोधतात, आणि अशी ॲप असल्याच एखाद्या मॉडेलवर उभी असतात. बिंदू झाकलेला असला तरी मॉडेल तो सोडून देत नाही, बाकी शरीर बघून अंदाजाने ठेवून देतं. समोरून उभं राहिलं तर अजून अवघड, कारण बसताना गुडघा कॅमेऱ्याच्याच दिशेने पुढे येतो आणि किती पुढे आला हे एका कॅमेऱ्याला अंदाजानेच काढावं लागतं. पण ब्लेझपोज प्रत्येक बिंदूसोबत तो कितपत दिसतोय याचा पण आकडा देतं! मग असं मॉडेल वापरणाऱ्याला 'तुमचा गुडघा दिसत नाहीये, मोजता येणार नाही' एवढं सांगायला काय होतं? उत्तरपत्रिकेची दोन पानं चिकटलेली असली तर मी कधी मुलाला नापास केलं नाही, पानं सोडवून आत काय लिहिलंय ते बघितलं.

उन्हाचं पण लिहा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, कॅमेरा आणि ॲप एकदम चालू असलं की दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापतो, चित्र अडकतं आणि मधल्या बैठका मोजल्याच जात नाहीत.

मी यंत्राच्या विरोधात नाही. आमच्या गल्लीतली पोलीस भरतीची पोरं हाफ पँटमधे, मोकळ्या मैदानात गोळाफेकीचा व्हिडिओ काढून कोपर कुठे जातंय ते बघतात, त्यांना फायदा होतो, मी स्वतः पाहिलंय. पण ती १९-२० वर्षांची आहेत आणि दुखलं तर थांबवायला त्यांचे सर बाजूला उभे असतात.

आणि आम्हाला घरात फोनसमोर व्यायाम का करावा लागतो ते पण छापा. आमच्या इथल्या चालायच्या ट्रॅकवरचे निम्मे दिवे दिवाळीपासून बंद आहेत, अंधार पडला की आम्ही बायका तिकडे फिरकत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी नऊलाच चटके बसतात. याबद्दल मार्चमधे तुम्हाला पत्र पाठवलं होतं, ते छापून आलं नाही.

पुढच्या रविवारी त्याच पानावर एक चौकट द्यावी ही विनंती: गुडघा उघडा दिसेल असे कपडे घाला, कॅमेरा बाजूने लावा, दुखलं की ॲप काहीही म्हणो थांबा, आणि पन्नाशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांना गुडघा दाखवा. मार्चमधल्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. जळगाव