‘मयातैन’ म्हणजे शिवकाल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात जमिनीच्या ज्या ‘शिवकालीन सनदे’चे छायाचित्र तुम्ही छापलेत, ते मी भिंग घेऊन पाहिले. दुसऱ्या ओळीत ‘मयातैन व अलफ’ हे शब्द स्पष्ट वाचता येतात. मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली, अरबी संख्याशब्दांत लिहायची कालगणना; त्यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन येतो. हा सुहूर सन बाराशेच्या पुढचा कागद, म्हणजे १७९९ च्या आधीचा असूच शकत नाही. महाराजांच्या कागदात शंभराचा ‘मया’देखील येणार नाही, राज्याभिषेकाचे १६७४ साल सुहूर गणनेत ‘खमस सबैन व अलफ’, एक हजार पंचाहत्तर. बातमी देण्याआधी मोडी जाणणाऱ्या कोणालाही ही एक ओळ दाखवली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

मी इतका का चिडलो, ते सांगतो. आमच्या घरीही असाच एक कागद आहे. चुलत्यांनी तो पैसे देऊन एका मोडी वाचकाकडून वाचून घेतला. त्याने सन लिहून दिला ‘अर्बा मयातैन व अलफ’, १२०४, म्हणजे १८०३-०४. पेशवाईतला कागद म्हणून चुलते दोन वर्षे पुण्याला पेशवे दप्तरात खेटे घालत होते. एसटीने जायचे, अर्ज करायचा, रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सुटेपर्यंत बसायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. पुढे मी स्वतः मोडी शिकलो आणि कागद पुन्हा उघडला. शब्द ‘अर्बैन’ होता! अर्बा म्हणजे चार, अर्बैन म्हणजे चाळीस. सन १२४०, म्हणजे १८३९-४०. पेशवाई बुडून वीस वर्षे झाली होती आणि आमचा मुलूख सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होता. शोध पुण्याच्या नव्हे, सातारच्या कागदांत घ्यायला हवा होता. हे कळले तेव्हा चुलते हयात नव्हते. आमच्या कागदाच्या शेवटी ‘अस्सलबरहुकूम नक्कल’, म्हणजे मूळ कागदाप्रमाणे केलेली प्रत, असेही लिहिले आहे. तेही त्या वाचकाने सोडून दिले होते. अस्सल कोणाकडे गेले, हा खरा प्रश्न होता आणि तो विचारायला चुलत्यांना कोणी सांगितलेच नाही.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. चूक होऊ शकते, हे मला मान्य आहे. म्हणूनच दोघांकडून वाचून घ्यावे. तुमच्या बातमीत ‘तीस बिघे म्हणजे तीस एकर’ असेही छापले आहे. वीस पांडांचा एक बिघा, आणि पांड मोजायचा काठीने. काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. एकर-गुंठे आपल्याकडे इंग्रजांच्या मोजणीबरोबर आले, ती मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून सुरू झाली. असा आकडा वाचून उद्या कोणी भाऊबंद वकिलाकडे गेला, तर त्याचा खर्च कोण देणार?

आणखी एक. छायाचित्राची डावी कड तुम्ही कापली आहे. एका दप्तरखान्यातून मला मिळालेल्या स्कॅनमध्येही हेच केलेले आहे, आणि कागदाची पाठ तर घेतलेलीच नाही. कागदाचे तुकडे चिकटवलेल्या जोडावरचे शिक्के आणि ‘बार’चे, म्हणजे दप्तरात नोंद झाल्याचे, शेरे बहुधा पाठीवर असतात. कागद कोणत्या दप्तरातून निघाला ते तिथूनच कळते. मी दोनदा लेखी मागणी केली, उत्तर नाही.

कृपया त्या कागदाचे पूर्ण छायाचित्र, चारही कडा आणि पाठ दिसेल असे, पुढच्या अंकात छापावे. सनाची ओळ मी वाचून देईन. मानधन नको.

आपला नियमित वाचक,
वाई, जि. सातारा